लांब मानेच्या डायनोसॉरांची भावकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉरोपॉड म्हणजे नक्की कोणते डायनोसॉर?

लांब मान, लांब शेपटी, खांबासारखे चार पाय आणि एवढ्या धडावर शोभू नये इतकं लहान डोकं, असे सगळे शाकाहारी डायनोसॉर. डिप्लोडोकस, ब्रॅकिओसॉरस, ब्रॉन्टोसॉरस ही त्यांतली नेहमी कानावर पडणारी नावं. 'सॉरोपोडा' हा गट अमेरिकी संशोधक ऑथनिएल मार्श यांनी १८७८ मध्ये मांडला. त्याआधी यांची हाडं सापडत होती, पण ओळख पटत नव्हती. इंग्लंडमधल्या सिटिओसॉरसला रिचर्ड ओवेन यांनी सुरुवातीला समुद्रात राहणारा प्रचंड सरपटणारा प्राणी समजून नाव दिलं होतं.

सॉरोपॉडांच्या आधीचे, तुलनेने लहान आणि बहुतेक दोन पायांवर चालणारे नातेवाईक धरले की जो मोठा गट होतो, त्याला सॉरोपोडोमॉर्फा म्हणतात. मराठी लेखांत या दोन नावांची सरसकट गल्लत होते. सगळे सॉरोपॉड हे सॉरोपोडोमॉर्फ असतात, उलटं मात्र खरं नाही.

मान लांब असली की झालं का?

नाही. प्लेसिओसॉरांचीही मान लांब होती, पण ते डायनोसॉरच नव्हते. ते समुद्रात पोहणारे, वेगळ्याच शाखेतले सरपटणारे प्राणी. उलट अर्जेंटिनातला ब्रॅकिट्रॅकेलोपॅन बघा. त्याची मान सॉरोपॉडांच्या मानाने इतकी आखूड आहे की चित्र पाहून कुणी त्याला या घरात घेणार नाही. तरीही तो पक्का सॉरोपॉड आहे, कारण त्याच्या मणक्यांची घडण तसं सांगते.

वर्गीकरण दिसण्यावर चालत नाही. एखादं लक्षण कुठल्या पूर्वजात पहिल्यांदा आलं आणि पुढे कुणाकुणाकडे गेलं, हे शोधावं लागतं. जे लक्षण नव्याने आलेलं आहे आणि ज्यात दोन-चार प्राणी सहभागी आहेत, तेच नात्याचा पुरावा ठरतं. चार पाय असणं हा पुरावा नाही, चार पाय बेडकालाही असतात.

डायनोसॉरांच्या मोठ्या वंशवृक्षात यांची जागा कुठे?

१८८७ मध्ये हॅरी सीली यांनी कमरेच्या हाडांवरून डायनोसॉरांचे दोन भाग पाडले: सॉरिस्किया आणि ऑर्निथिस्किया. सॉरोपॉड पहिल्यात. टिरॅनोसॉरस आणि त्याच्यासारखे दोन पायांचे शिकारी, म्हणजे थेरोपॉड, तेही पहिल्यातच. पक्षी थेरोपॉडांतूनच आले. त्यामुळे या मांडणीप्रमाणे खिडकीत घुमणारं कबूतर दुसऱ्या भागातल्या ट्रायसेराटॉप्सपेक्षा सॉरोपॉडांना जवळचं आहे.

२०१७ मध्ये मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी ही मांडणीच उलटीपालटी केली. थेरोपॉडांना ऑर्निथिस्कियांच्या शेजारी बसवा आणि सॉरोपोडोमॉर्फांना बाजूला ठेवा, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यावरून बरीच खडाजंगी झाली. बहुतेक संशोधक अजून सीलींची विभागणी वापरतात. मात्र डायनोसॉरांच्या अगदी बुंध्याशी पुरावा किती पातळ आहे, हे त्या वादाने उघडं पडलं. सॉरोपॉडांच्या आतल्या नात्यांना त्याने फारसा धक्का लागत नाही.

एवढे अवाढव्य प्राणी आले कुठून?

लहानशा, दोन पायांवर पळणाऱ्या प्राण्यांतून. ब्राझीलमधले सॅटर्नेलिया आणि बुरिओलेस्टेस साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीचे. लांबी दीडेक मीटर, तीही बहुतेक शेपटीची. बुरिओलेस्टेसचे दात तर मांस खाणाऱ्याचे आहेत. त्यानंतर जर्मनीतल्या प्लेटिओसॉरससारखे मोठे, झाडपाला खाणारे, पण अजून मागच्या दोन पायांवर चालणारे प्राणी येतात. पूर्वी यांना 'प्रोसॉरोपॉड' नावाच्या एका वेगळ्या गटात कोंबलेलं असायचं. आता बहुतेक अभ्यास तसं मानत नाहीत, कारण ते एकाच घरातले नाहीत. काही सॉरोपॉडांच्या जवळचे, काही लांबचे, अशी ती पायरीपायरीची रांग आहे.

या रांगेतली काही मंडळी आपल्या शेजारची आहेत. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात, ट्रायासिक काळातले (डायनोसॉरयुगाचा पहिला टप्पा) नंबालिया आणि जकलापल्लीसॉरस सापडले. त्यांचं वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या वरच्या, म्हणजे नंतरच्या, खडकांत बारापासॉरस आणि कोटासॉरस येतात.

बारापासॉरसला एवढं महत्त्व का?

ट्रायासिकनंतर येणारा सुरुवातीचा ज्युरासिक काळ हा सॉरोपॉडांच्या इतिहासातला अंधारा कोपरा आहे. त्या वेळची बरीचशी हाडं शिल्लक असलेला सॉरोपॉड जगात फारसा कुठे नाही, तो इथे आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूने १९६१ च्या सुमारास त्याची हाडं खणून काढली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराई. वर्णन छापून आलं १९७५ मध्ये. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडं मिळाली, पण कवटी एकही नाही.

वंशवृक्षात तो सॉरोपॉड फांदीच्या तळाशी बसतो. पाय पूर्ण खांबासारखे झालेले, चालणं चारही पायांवर, पण मणके अजून बऱ्यापैकी भरीव. पुढच्या सॉरोपॉडांत मानेचे मणके आतून हवेच्या पोकळ्यांनी पोखरलेले असतात. ते काम इथे नुकतं सुरू झालेलं दिसतं. ज्या खडकांत तो मिळाला त्यांना कोटा थर म्हणतात. ते नाव प्राणहितेकाठच्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून पडलं आहे.

सॉरोपॉडांच्या मुख्य शाखा किती?

तळाचे सोडले तर मोठ्या फांद्या दोनच, आणि त्या दोघींना मिळून निओसॉरोपोडा म्हणतात.

पहिली डिप्लोडोकॉइडिया. लांबुडकं तोंड, पेन्सिलीसारखे दात, तेही फक्त जबड्याच्या पुढच्या भागात, आणि बऱ्याच जणांत चाबकासारखी निमुळती शेपटी. डिप्लोडोकस, ॲपॅटोसॉरस, ब्रॉन्टोसॉरस यातले. मानेवर काट्यांच्या दोन रांगा असलेला अमार्गासॉरसही यातलाच. नायजरमधला नायजरसॉरसही इथला. त्याच्या रुंद थोबाडात वापरातले आणि बदली मिळून ५०० हून जास्त दात होते. मला विचाराल तर सगळ्या सॉरोपॉडांत सर्वांत विचित्र प्राणी तोच.

दुसरी मॅक्रोनॅरिया. हिच्यात नाकपुड्यांची भोकं मोठी असतात. कॅमारासॉरस, ब्रॅकिओसॉरस आणि टायटॅनोसॉर या बाजूचे. बर्लिनच्या संग्रहालयात उभा असलेला, १३ मीटरहून उंच प्रसिद्ध सांगाडा बरीच वर्षं ब्रॅकिओसॉरस म्हणून ओळखला जायचा. मूळ ब्रॅकिओसॉरस अमेरिकेतला आणि हा टांझानियातला. दोघांच्या हाडांत बरेच फरक आहेत हे मायकेल टेलर यांनी २००९ मध्ये सविस्तर दाखवलं. तेव्हापासून बर्लिनवाल्याला जिराफाटायटन म्हणतात.

चीनमधला मामेंचीसॉरस या दोन्ही फांद्यांच्या बाहेर, थोडा आधी फुटतो असं सहसा मानलं जातं. मानेच्या लांबीत मात्र त्याला तोड नाही. त्याच्या एका जातीची मान १५ मीटरच्या आसपास असावी असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला.

ब्रॉन्टोसॉरस खोटा होता म्हणतात, ते खरं का?

एकेकाळी खरं होतं. मार्शनीच १८७७ मध्ये ॲपॅटोसॉरस आणि १८७९ मध्ये ब्रॉन्टोसॉरस अशी नावं दिली. एल्मर रिग्ज यांनी १९०३ मध्ये दोघे एकच असल्याचं सांगितलं आणि नियमानुसार आधीचं नाव टिकलं. २०१५ मध्ये इमॅन्युएल चोप आणि सहकाऱ्यांनी डिप्लोडोकसच्या कुळातले नमुने एकेक करून तपासले. फरक पुरेसे आहेत म्हणून ब्रॉन्टोसॉरसला परत स्वतंत्र केलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण नाव आता पुन्हा चालू आहे.

टायटॅनोसॉर कसे ओळखायचे?

शेपटीवरून. शेपटीच्या सुरुवातीच्या मणक्यांना पुढून खोलगट वाटी असते आणि मागून फुगीर गोळा. एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत बसतो, आपल्या खांद्यातल्या उखळीच्या सांध्यासारखा. इतर बहुतेक सॉरोपॉडांच्या शेपटीचे मणके दोन्हीकडून सपाट किंवा किंचित खोलगट असतात.

आणखी काही खुणा: छाती आणि कंबर रुंद, त्यामुळे डाव्या-उजव्या पावलांत अंतर जास्त. पायांच्या ठशांतही ते दिसतं. पुढच्या पायाची बोटं जवळपास नाहीशी, प्राणी तळहाताच्या उभ्या हाडांवरच चालायचा. काहींच्या कातडीत हाडांच्या चकत्या होत्या. अर्जेंटिनातल्या साल्टासॉरसचं १९८० मध्ये वर्णन झालं, तेव्हा अशा चकत्यांनी सगळे चकित झाले होते. सॉरोपॉडाला चिलखत असेल असं तोवर फारसं कुणी धरलं नव्हतं.

आकाराचा मात्र भरवसा धरू नका. अर्जेंटिनातल्या पॅटागोटायटनच्या एका मांडीच्या हाडाची लांबी २.३८ मीटर. रोमानियातला मॅग्यारोसॉरस सहा मीटरच्या आसपास. दोघेही टायटॅनोसॉर.

टायटॅनोसॉर हे नाव भारतातल्या प्राण्यावरून पडलं, हे खरं?

अगदी खरं, आणि ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

१८२८ मध्ये जबलपूरजवळच्या बारा सिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम स्लीमन यांना काही दगडी हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच हे स्लीमन. तेव्हा 'डायनोसॉर' हा शब्दच जन्माला आलेला नव्हता. तो ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला. हाडं हातोहाती कोलकात्याला पोचली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. आधार काय, तर शेपटीचे दोन मणके आणि मांडीच्या हाडाचा तुकडा. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर.

वाटी-गोळ्याचे ते मणके लायडेकरना वेगळे वाटले, आणि त्या काळात ते होतेच वेगळे. मग जगभर कुठेही तसा मणका मिळाला की त्याला 'टायटॅनोसॉरस' म्हणायची रीत पडली. अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, सगळीकडून या वंशाच्या डझनभराहून जास्त जाती जाहीर झाल्या. इकडे अर्जेंटिनात चांगले सांगाडे निघत गेले आणि लक्षात आलं की असा मणका एका प्राण्याची नव्हे, तर कित्येक प्राण्यांची सामाईक खूण आहे. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळ्या जाती पुन्हा तपासल्या. टायटॅनोसॉरस इंडिकसला इतरांपासून वेगळं काढता येईल असं एकही लक्षण उरलेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हापासून ते नाव संशयास्पद मानलं जातं.

यात लायडेकरांचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे जे होतं त्यावरून निर्णय योग्यच होता. लक्षण तेच राहिलं, त्याचं मोल बदललं. मूळ मणका तर मधल्या काळात हरवलाच होता. तो २०१२ मध्ये कोलकात्यात, सर्वेक्षणाच्याच संग्रहात, पुन्हा हाती लागला.

मूळ प्राणीच बाद झाला, मग गटाचं नाव कसं टिकलं?

प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम कुलाच्या पातळीपर्यंतच लागू होतात, आणि कुलाचं नाव एखाद्या वंशाच्या नावावर उभं असतं. म्हणून 'टायटॅनोसॉरिडी' हे कुलनाम वापरू नये असं विल्सन-अपचर्च यांनी सुचवलं आणि बहुतेकांनी ते ऐकलं. त्याहून वरचा 'टायटॅनोसॉरिया' गट होसे बोनापार्ते आणि रोदोल्फो कोरिया यांनी १९९३ मध्ये मांडला. त्याला तो नियम लागत नाही. त्याची व्याख्या सहसा अँडेसॉरस आणि साल्टासॉरस यांचा शेवटचा सामाईक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, अशी केली जाते. दोन्ही प्राणी अर्जेंटिनातले. नाव जबलपूरच्या हाडांचं, व्याख्या अर्जेंटिनाच्या मुलखातली. मला हे थोडं खुपतं, पण व्यवहारात सोयीचं आहे.

महाराष्ट्रात टायटॅनोसॉर सापडले आहेत का?

हो, आणि भारतातला सर्वांत चांगला सांगाडा इथलाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला १९८० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना मान, पाठ, शेपटी, खांदा, पुढचा पाय आणि कमरेची हाडं मिळाली. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टाय म्हटलं. २००३ च्या फेरतपासणीत हा प्राणी स्वतःच्या लक्षणांवर उभा राहू शकतो असं ठरलं. मग संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (ISI) त्याला इसिसॉरस हे नवं नाव मिळालं. आखूड, जाडसर मान आणि लांब पुढचे पाय, असा तो वेगळाच दिसतो. डोकं मात्र सांगाड्यासोबत मिळालं नाही. चित्रांत जे दिसतं ते इतर टायटॅनोसॉरांवरून बसवलेलं आहे.

डोंगरगावच्या शेजारचं पिसदुरा तर एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. लायडेकर यांनी १८७९ मध्ये तिथल्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डाय अशी दुसरी जात केली होती. तीही आता बाद. पिसदुऱ्याची खरी कीर्ती अश्मीभूत विष्ठेमुळे आहे. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म सिलिका कण दाखवले. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं याचा तो पक्का पुरावा ठरला. विष्ठा टायटॅनोसॉरांची असावी असं मानतात. ती इसिसॉरसचीच, असं मात्र लिहू नये.

हे सगळे खडक लामेटा थरातले आहेत. नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून आलेलं हे नाव. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्यातून बनला, त्याच्या खाली आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मधे हे खडक सापडतात. म्हणजे हे प्राणी डायनोसॉरयुगाच्या अगदी अखेरचे, साडेसहा कोटी वर्षांच्या थोडे आधीचे. त्या वेळी जगात टायटॅनोसॉर सोडून दुसरे सॉरोपॉड उरलेच नव्हते.

आपल्या टायटॅनोसॉरांचे जवळचे नातेवाईक कोण?

जबलपूरच्या जैनोसॉरस या टायटॅनोसॉरचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. फ्रीडरिश फॉन ह्यून आणि चार्ल्स मॅटली यांनी १९३३ मध्ये जबलपूरच्या हाडांवरून त्याला अँटार्क्टोसॉरस या अर्जेंटिनातल्या वंशात टाकलं होतं. १९९५ मध्ये तो वेगळा झाला आणि सोहन लाल जैन यांचं नाव त्याला मिळालं. २०१४ मध्ये मादागास्करच्या वाहिनी नावाच्या टायटॅनोसॉरची कवटीच्या मागच्या भागावरून ओळख झाली. तिचं जैनोसॉरसशी चांगलं जुळतं. भारत आणि मादागास्कर साधारण पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जोडलेले होते, तेव्हा हे अपेक्षितच. इसिसॉरसचं उत्तर अवघड आहे. एका अभ्यासात तो साल्टासॉरसच्या जवळ सरकतो, दुसऱ्यात लांब जातो.

टायटॅनोसॉर आणि डिप्लोडोकस यांचे दात सारखे कसे?

याच दातांनी जुन्या तज्ज्ञांना चकवलं. मंगोलियात नेमेग्टोसॉरसची कवटी मिळाली, धड नाही. लांबुडकं तोंड आणि पेन्सिलीसारखे दात पाहून तो डिप्लोडोकसचा भाऊबंद ठरला. टायटॅनोसॉरांची धडं मिळत होती, पण कवट्या नव्हत्या. त्यामुळे तुलना होणार कशी? २००१ मध्ये मादागास्करहून रॅपेटोसॉरस आला, कवटी आणि सांगाडा दोन्हींसह. धड निर्विवाद टायटॅनोसॉरचं आणि तोंड डिप्लोडोकससारखं. दोन शाखांत तीच घडण स्वतंत्रपणे आली होती. नेमेग्टोसॉरसही मग टायटॅनोसॉरांत आला.

तज्ज्ञांचे वंशवृक्ष एकमेकांशी जुळत का नाहीत?

कारण तुलनेला सारखी हाडं नसतात. एकाची शेपटी, दुसऱ्याची मान, तिसऱ्याचा मांडीचा तुकडा. संशोधक शेकडो लक्षणांचा तक्ता करतात आणि संगणकाकडून कमीत कमी बदलांत बसणारा वृक्ष काढून घेतात. तक्त्यात रिकामे रकाने जास्त असले की एखादं नवं हाडही फांद्या हलवतं. शिवाय कुठलं लक्षण किती प्रकारांत मोडायचं, हे माणूसच ठरवतो. मोठ्या फांद्यांवर आज फारसा वाद नाही. वाद आहे तो टायटॅनोसॉरांच्या आत, कारण जाती भरपूर आणि पूर्ण सांगाडे थोडे.

अंड्यांवरून जात ठरते का?

थेट नाही. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कवचाच्या बारीक रचनेवरून त्यांचे सहा प्रकार केले गेले. अंड्यांना अंड्यांची वेगळी नावं देतात, आत गर्भ मिळेपर्यंत ती प्राण्याला जोडत नाहीत. अर्जेंटिनात तसे गर्भ मिळाले, म्हणून अशी अंडी टायटॅनोसॉरांची एवढं नक्की. सहा प्रकारची अंडी आणि नीट ओळखता येणारे दोनच प्राणी (इसिसॉरस आणि जैनोसॉरस), हा हिशेब पाहता भारतात अजून काही टायटॅनोसॉर सापडायचे आहेत, असं म्हणायला जागा आहे.

जगातला सर्वांत मोठा डायनोसॉर तमिळनाडूचा होता का?

हा बृहत्कायोसॉरस. अरियलूरजवळच्या कल्लमेडूची हाडं, १९८० च्या दशकातलं वर्णन. सुरुवातीला तो मांसाहारी समजला गेला, नंतर सॉरोपॉड. नडगीचं हाड दोन मीटरचं सांगितलं होतं. ती हाडं जपली न गेल्याने भुगा होऊन संपली, हाती उरले फोटो. फोटोवरून विक्रम मांडता येत नाही. यूट्यूबवर काहीही सांगोत.

आणि राजस्थानचा थारोसॉरस?

जैसलमेरजवळचा, सुमारे १६.७ कोटी वर्षांपूर्वीचा, २०२३ मध्ये जाहीर झालेला. डिप्लोडोकॉइड बाजूच्या डायक्रिओसॉरिड कुळात त्याला ठेवलं आहे. ते टिकलं तर या शाखेचे सर्वांत जुने सदस्य भारतात येतात. आधार मोजक्या मणक्यांचा आहे, त्यामुळे आणखी हाडं निघेपर्यंत मी तरी 'भारतच उगमस्थान' असं ठामपणे लिहिणार नाही.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

बारापासॉरसचा उभा सांगाडा कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात आहे. कोटासॉरस हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात. मराठवाडा-विदर्भातल्यांना तोच सोयीचा. अंडी आणि घरटी बघायची तर गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीचं जीवाश्म उद्यान गाठावं. पिसदुरा-डोंगरगावला जाणार असाल तर तिथे शेतं आहेत हे ध्यानात ठेवा. मालकाला विचारून जा आणि पडलेलं हाड उचलू नका. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, जागा नोंदवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा.